खुलासा : मिस्सा (कॅथलिकांची सामूहिक उपासना) आपल्याच इगर्जीत (चर्चमध्ये) हवी का?

'राहता त्या वाड्याच्या इगर्जीतच मिस्सा ऐकावी, नाहीतर ती धरत नाहीत,' असा मेसेज सध्या म्हापशापासून मडगावपर्यंत फिरतोय. तो चुकीचा आहे. कॅथलिक चर्चच्या 1983 च्या धर्मसंहितेतील 1248 व्या कलमानुसार रविवारची मिस्सा कोणत्याही कॅथलिक इगर्जीत, अगदी शनिवारी संध्याकाळी ऐकली तरी चालते. कोंकणीतली हवी की इंग्रजीतली, कुणाचं प्रवचन पटतं, हे तुम्ही ठरवा. शेजारीण काय म्हणेल हा प्रश्न धर्मसंहितेत नाही!

लग्नाचं मात्र वेगळं. ते वर किंवा वधूच्या पॅरिशमध्ये, म्हणजे ते राहतात त्या इगर्जीच्या हद्दीत होतं. दुसरीकडे लावायचं तर आपल्या पाद्रीची परवानगी लागते. अफवेचं मूळ बहुधा इथेच असावं.

मेसेजमधलं दुसरं वाक्य, 'गोव्यात सगळ्या इगर्जी कॅथलिकच.' हेही चूक. रायबंदरला ऑर्थोडॉक्स, म्हणजे पोपच्या अधिकाराखाली नसलेल्या वेगळ्या ख्रिस्ती पंथाचं चर्च आहे. कॅथलिक चर्च सोडून 1889 मध्ये ऑर्थोडॉक्स बिशप झालेले गोंयकार आल्वारिस मार जुलिउस यांचे अवशेष तिथेच आहेत. तिथल्या उपासनेला कॅथलिक माणूस बसू शकतो, पण कम्युनियन (उपासनेत दिला जाणारा पवित्र प्रसाद) सहसा मिळत नाही आणि रविवारी मिस्सा ऐकण्याचं कर्तव्यही त्याने फिटत नाही.