सोबत द्या, पण कोणत्या गेंड्याला?

प्राणिसंग्रहालयात एकट्या ठेवलेल्या एकशिंगी गेंड्याबद्दल एका लेखात हळहळ व्यक्त करून त्याला ताबडतोब जोडीदार आणा असं म्हटलंय. भावना पटली, उपाय नाही पटला. एकशिंगी मुळातच एकलकोंडा. मादी माजावर नसताना नर तिच्याजवळ सोडला तर पाठलाग आणि जखमा व्हायची भीती असते (आणि तो चावतो, शिंगापेक्षा खालच्या टोकदार दातांचा वापर जास्त!). म्हणून आधी गजांपलीकडून वास घेऊ देतात, एकमेकांच्या लिदीची ओळख करून देतात, मग फाटक उघडतात.

पांढऱ्या गेंड्याचं उलटं. त्याच्या माद्या घोळक्यानं राहतात. 1971 साली दक्षिण आफ्रिकेतून 20 पांढरे गेंडे अमेरिकेतल्या सॅन दिएगोच्या मोकळ्या उद्यानासाठी आणले. शहरातल्या प्राणिसंग्रहालयात एकाच मादीसोबत वर्षानुवर्षं ढिम्म बसलेला नर त्या कळपात सोडल्यावर बाप झाला, तोही अनेक पिल्लांचा.

बाकी कातडी कितीही जाड असली तरी एकशिंगीचे तळवे सिमेंटवर फाटतात. त्यामुळे त्याला भेटायला जाल तेव्हा जोडीदार शोधण्याआधी त्याच्या पायाखाली माती आहे का आणि डुंबायला पाणी, चिखल आहे का ते बघा.