आदिपुरुषाच्या आडून वर्णव्यवस्थेचे समर्थन

माझ्या भाचीने वक्तृत्व स्पर्धेसाठी लिहिलेले भाषण परवा मला तपासायला दिले, तेव्हा त्यातला निम्मा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या एका संदेशातून जसाच्या तसा उतरवलेला निघाला. संदेशाचे म्हणणे असे की, जगातील सर्व सृष्टिकथा वेदांतूनच निघाल्या. बायबलमधील अब्राहम म्हणजे ब्रह्मा, त्याची पत्नी सारा म्हणजे सरस्वती, आणि प्रलयातून वाचलेला नोहा म्हणजे मनू. आणि ऋग्वेदाच्या पुरुषसूक्तात ज्याच्या मुख, बाहू, मांड्या आणि पायांपासून चार वर्ण होतात तो विराट पुरुष नॉर्स (प्राचीन स्कँडिनेव्हियन), चिनी व बॅबिलोनी कथांतही भेटतो, त्याअर्थी चातुर्वर्ण्य ही सगळ्या मानवजातीची नैसर्गिक रचना आहे.

शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण सर्वांत घातक तोच आहे. नॉर्स कथेत यमिर या राक्षसाच्या मांसाची जमीन, रक्ताचा समुद्र आणि कवटीचे आकाश होते. माणसे मात्र त्याच्यापासून होतच नाहीत, ती देवांनी लाकडाच्या दोन ओंडक्यांपासून घडवलेली आहेत. चिनी कथेतील आदिपुरुष पांगूच्या अंगावरील कीटकांपासून सगळी प्रजा होते, त्यात कोणी मुखातून आणि कोणी पायांतून आलेला नाही. बॅबिलोनचा देव मार्दुक समुद्रदेवी तियामतला चिरून आकाश आणि पृथ्वी रचतो, आणि तिचा सेनापती किंगू याच्या रक्तापासून घडलेल्या सगळ्याच माणसांच्या वाट्याला देवांचे कष्ट येतात. दास, शेतकरी आणि सरदार यांची उत्पत्ती सांगणारे एक नॉर्स काव्य आहे, हे मान्य. पण यमिरच्या देहाशी त्याचा काही संबंध नाही. देहाच्या अवयवांवरून माणसांचे वर्ग ठरवणारी ऋचा पुरुषसूक्तातच आहे, आणि ऋग्वेदात चारही वर्ण एकत्र येतात ते केवळ तेथेच. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ साली ‘शूद्र पूर्वी कोण होते?’ या ग्रंथाच्या आरंभीच हे सूक्त बायबलमधील उत्पत्तिकथेशी ताडून पाहिले आहे. तेथे माणसाची उत्पत्ती सांगून कथा थांबते, येथे मात्र समाजाची उतरंडच ईश्वरी ठरते, हा फरक त्यांनी इतका स्वच्छ दाखवला आहे की, तो वाचल्यावर ‘सगळीकडे असेच आहे’ असे म्हणण्याची सोय उरत नाही.

नावांच्या साम्याविषयी फार लिहावे असे नाही. ‘सरस्वती’ म्हणजे जलाशयांनी युक्त आणि ‘सारा’ म्हणजे राजकन्या. केवळ ध्वनी जुळतो म्हणून शब्द एक होत नाहीत. नोहाहून जुन्या मेसोपोटेमियन कथांत प्रलयातून वाचणाऱ्याचे नाव झिउसुद्रा किंवा अत्रहासिस आहे, त्यांतून ‘मनू’ कसा काढणार? शिवाय मनू आणि माशाची कथा ऋग्वेदात नाही, ती नंतरच्या शतपथ ब्राह्मण या ग्रंथात येते. अत्रहासिसच्या मातीच्या पाट्या इ.स.पू. १७ व्या शतकातील, म्हणजे त्या ब्राह्मणग्रंथाहून कितीतरी जुन्या आहेत. यावरून आपण ती कथा त्यांच्याकडून घेतली असे सिद्ध होत नाही, पण त्यांनी ती वेदांतून उचलली हे म्हणणे टिकत नाही.

एक गोष्ट मात्र कबूल करावी लागते. ‘यम’ या शब्दाचा मूळ अर्थ जुळा, आणि ‘यमिर’ हे नाव त्याच धातूचे असल्याचे अनेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. आदिपुरुषाला कापून जग रचण्याचा आदिबंध वैदिक आणि नॉर्स या दोन परंपरांना एका समान पूर्वजाकडून मिळाला असणे शक्य आहे. पण बहिणींचे चेहरे मिळतेजुळते असले म्हणून त्यांतली एक दुसरीची आई ठरत नाही, आणि पांगू व तियामत तर संस्कृत आणि नॉर्सच्या इंडो-युरोपीय भाषाकुळातलेही नाहीत. भाचीला मी यम आणि यमिरचा परिच्छेद तेवढा ठेवायला सांगितला आहे, आणि चातुर्वर्ण्याच्या परिच्छेदाजागी आंबेडकरांचे ते प्रकरण वाचून तिने स्वतःच्या शब्दांत लिहावे, असे ठरले आहे.