साडेपाच लाखांचे ओरखडे

रविवारी सकाळी नागपुरात लक्ष्मीनगरच्या कट्ट्यावर आम्ही पाच जण तर्री पोह्यांसाठी जमतो. गेल्या रविवारी पहिली प्लेट हातात यायच्या आत बंटीनं मोबाईल पुढे केला.

"पाहा बे, हे घेऊन राहिलो मी."

फोटोत गिटार होती. रंग बहुतेक उडालेला, खालचं लाकूड उघडं, पत्र्यावर गंज.

"कोण्या भंगारवाल्याकडून?" डॉक्टरनं विचारलं. (आमचा डॉक्टर दातांचा आहे. बाकी सगळ्या विषयांत त्याची प्रॅक्टिस फुकट चालते.)

"तो आयरिश गिटारवाला रॉरी गॅलाघर, त्याच्या स्ट्रॅटची, म्हणजे स्ट्रॅटोकास्टर गिटारची, कॉपी आहे ही. फेंडर कंपनीच्या कस्टम शॉपची. ड्यूटी, भाडं, सगळं धरून साडेपाच लाख."

दादांच्या हातातला चमचा तर्रीतच थांबला. दादा म्हणजे आमच्यातले वडीलधारे. एकेकाळी लग्नाच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे.

"साडेपाच लाखांत नवा रंग नाई मारून देत काय रे ते?"

बंटी भडकला नाही. तो तयारी करूनच आला होता. खरी गिटार 1961 ची. रॉरीनं 1963 मध्ये आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात 100 पौंडांना सेकंडहँड घेतली आणि जन्मभर सोबत ठेवली. वर्षानुवर्षांच्या घामानं रंग गेला. 2024 मध्ये लिलावात ती जवळपास नऊ लाख पौंडांना गेली, आता आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाची आहे. "मंग आपल्यासारख्यानं काय करावं? कॉपीच घ्यावी लागन ना."

"घाम त्याचा, हप्ते तुझे," डॉक्टर म्हणाला.

नवी गिटार जुनी कशी करतात, हे दादांना सांगायचं काम माझ्याकडे आलं. जुन्या गिटारींवर नायट्रो लॅकरचा, म्हणजे एका जातीच्या वार्निशचा, पातळ थर असायचा. तो घासला की जातो, थंडी-गरमीनं तडकतो. कारखान्यात तेच मुद्दाम घडवून आणतात. लॅकर तडकवतात, कोपर टेकतं तिथे घासतात, स्क्रू आणि पत्रे गंजवतात. फेंडरनं 1995 मध्ये अशा 'रेलिक' गिटारी बाजारात आणल्या, तेव्हापासून या कामाचे खास कारागीर तयार झाले. रॉरीच्या गिटारची एक खुंटी कधीतरी बदललेली, बाकीच्या पाचांहून वेगळी. कॉपीतही ती एक वेगळीच लावून देतात.

"म्हणजे त्याला जोडीची खुंटी भेटली नाई, ती अडचणसुद्धा विकतच घ्यायची?" दादा.

"हे तर काहीच नाही," मी म्हणालो. रॉक गिटारिस्ट एडी व्हॅन हॅलेननं 50 डॉलरची बॉडी आणि 80 डॉलरची नेक (दांडी) जोडून स्वतःची गिटार बनवली होती. तारा खालच्या टोकाला ज्यावर बसतात तो ब्रिज टेकायला खाली 1971 चं एक नाणं ठोकलेलं. 2007 मध्ये तिच्या 300 कॉप्या निघाल्या, 25,000 डॉलरला एक. त्यातही नाणं होतं, आणि तेही 1971 चंच.

दादा खो खो हसले. "मी माह्या गिटारच्या नटखाली, वरच्या टोकाला तारा टेकतात तिथं, सिगारेटच्या पाकिटाची पट्टी घालत होतो. तार फ्रेटवर, नेकवरच्या धातूच्या पट्ट्यांवर, घासे म्हणून. कोणी कॉपी काढणार असन तर ब्रँड सांगतो."

डॉक्टरनं तेवढ्यात मोबाईलवर हिशोब मांडला होता. गिटारिस्ट एरिक क्लॅप्टनची 'ब्लॅकी' नावाची गिटार 2004 मध्ये लिलावात 9,59,500 डॉलरला गेली. ती गिटारही तीन जुन्या स्ट्रॅटचे भाग जोडून केलेली. दोन वर्षांनी तिच्या 275 कॉप्या आल्या, 24,000 डॉलरला एक. "गुणाकार कर. 66 लाख डॉलर. खरीच्या जवळपास सातपट पैसे खोट्यांचे! धंदा कोणता करावा ते समजलं मला. एक खरा दात लावायचा अन् पावणेतीनशे कवळ्या विकायच्या."

इतका वेळ सतारवाली ताई गप्प होती. ती धरमपेठेत क्लास घेते. ती बोलली की आम्ही जरा सरळ होऊन बसतो.

"कॉपी आमच्यातही चालते रे. दुकानात विचारतात, रविशंकर पद्धतीची हवी की विलायत खाँ पद्धतीची? एकीत खर्जाची तार असते, दुसरीत नसते. तारांची मांडणी वेगळी, आवाज वेगळा. मिरजेला अशी सतार सांगून करून घेता येते. पण रविशंकरांच्या सतारीवर जिथे चरा असेल तिथे मलाही मारून द्या, असं सांगणारा माणूस मी अजून पाहिला नाही."

मला वाटलं आता बंटी आडवा झाला. पण तो जे बोलला ते मला आजही खोडता येत नाही.

"ताई, माझ्याजवळ नवी गिटार होती ना, चकाकणारी? मी तिला भिऊनच वाजवत होतो. एक ओरखडा पडला त्या दिवशी जेवण नाई गेलं मला. ह्या गिटारला जे व्हायचं ते आधीच होऊन गेलं आहे. अन् नेकचं मागचं लाकूड उघडं आहे. मे महिन्यात आपल्या इथं चकाकणाऱ्या नेकवर हात चिकटून बसतो, सरकतच नाई. सांग, खोटं बोलून राहिलो काय?"

खोटं नव्हतं. नागपूरच्या उन्हाळ्यात गिटार वाजवणाऱ्या कोणालाही हे पटेल.

मग मी माझी लाज सांगितली. बाविसाव्या वर्षी मी माझ्या स्वस्तातल्या गिटारला घरीच रेलिक केलं होतं. 80 नंबरचा पॉलिशपेपर, गच्ची, भर दुपार. फोटो समोर ठेवून वरच्या कडेचा, कोपर टेकतं तिथला रंग लाकडापर्यंत घासला. आई म्हणाली, रोग लागल्यासारखी दिसते. पुढे पंधरा वर्षं वाजवल्यावर लक्षात आलं की माझं कोपर तिथे टेकतच नाही. मी मांडी घालून वाजवतो, हात खालून येतो. माझ्या उजव्या हातात स्टीलचं कडं आहे. त्यानं ब्रिजच्या मागे, बोटभर लांबीची एक चंद्रकोर कोरली आहे. आधी नुसती रेघ होती, मग रंग फुटला, आता नख अडकतं. त्या चंद्रकोरीकडे मी कधी पाहिलंच नव्हतं, एका शिष्यानं विचारलं तेव्हा दिसली. वरचा तो घासलेला पट्टा मात्र पंधरा वर्षांत होता तसाच आहे. त्याला कोणी शिवलेलंच नाही.

कोणी काही बोललं नाही. दादांनी चहा सांगितला.

"बंटी, एक विचारू?" डॉक्टरचा आवाज पेशंटला खुर्चीत बसवल्यावर होतो तसा झाला होता. "समज, गिटार आली. तू वाजवली. अन् तुझ्या पट्ट्याच्या बक्कलनं मागे एक ओरखडा पडला. रॉरीचा नाई, तुझा. तर मंग काय? गिटार खराब झाली म्हणशील?"

बंटीनं चहाचा एक घोट घेतला. दुसरा घेतला.

"पट्टा काढून वाजवीन."

"आत्ता म्हणत होता ना बे, बिनधास्त वाजवता येते म्हणून!"

"अबे पण रिसेल व्हॅल्यू राहते ना!"

यानंतर पाच मिनिटं कोण काय बोललं ते लिहिण्यासारखं नाही. शेजारच्या टपरीवरचे पोट्टेसुद्धा वळून पाहत होते. गलका ओसरल्यावर दादांनी विचारलं, "ठेवशील कुठे?"

"माह्या खोलीत."

"कुलर आहे ना तिथं?"

बंटी थांबला. एप्रिलच्या कोरड्या हवेत फिंगरबोर्डचं लाकूड आकसतं आणि फ्रेटची टोकं करवतीसारखी बाहेर येतात. मग कुलर सुरू झाला की वाळ्याच्या ओल्या हवेत तेच लाकूड फुगतं, नेक वाकते. हे त्याला आमच्याइतकंच ठाऊक आहे. मागच्या मे महिन्यात त्याच्या बेस गिटारचा ट्रस रॉड, म्हणजे नेक सरळ ठेवणारी आतली सळई, मीच फिरवून दिला होता.

"एसी घ्यावा लागन," तो हळूच म्हणाला.

"किती टनाचा?" डॉक्टरनं पुन्हा मोबाईल काढला.