हसवणाऱ्यांनी काय घोडं मारलंय?

ऑस्करची नामांकनं जाहीर झाली की दरवर्षी माझं डोकं फिरतं. रडवणारा सिनेमा थोर, आणि हसवणारा, गाणारा, प्रेमात पाडणारा म्हणजे नुसता टाइमपास! १९५२ च्या 'सिंगिंग इन द रेन' या हसऱ्या, संगीतमय सिनेमाला जेमतेम २ नामांकनं, पुरस्कार एकही नाही. हॉलिवूडचा जुना नट केरी ग्रँट, त्याचं तर अजूनच संतापजनक. रोमँटिक कॉमेडीत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, पण नामांकनं दोनदाच आणि दोन्ही गंभीर भूमिकांसाठी. शेवटी १९७० मध्ये मानद ऑस्कर देऊन बोळवण केली. अहो, संवादाची वेळ क्षणभर चुकली तरी विनोद पडतो. तो अभिनय नाही? डोळ्यांत पाणी आणलं तरच अभिनय?