तिघांची गाडी, एकाची कारकीर्द

डेन्मार्कचा मोटार शर्यतपटू टॉम क्रिस्टेन्सन याने फ्रान्समधील ले मान्सची २४ तासांची शर्यत नऊ वेळा जिंकली, असे म्हटले की एक प्रत्युत्तर हमखास येते : त्याच्या हाती गाडीच सर्वोत्तम होती. या आक्षेपात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. २००० ते २००५ या काळात तो सलग सहा वेळा जिंकला आणि त्यांपैकी पाच विजय ऑडी आर-८ या गाडीतले होते, जिच्या तोडीचा प्रतिस्पर्धी त्या वर्षांत क्वचितच मैदानात उतरत असे. परंतु एवढ्यावर हिशेब संपवणाऱ्यांनी या नऊ विजयांमधील सहचालकांची नावे एकदा मोजून पाहावीत. ती अकरा भरतात. पोर्शे इंजिनाची गाडी, ऑडी, बेंटली, पुन्हा ऑडी, आणि ऑडीतही कधी कारखान्याचा संघ तर कधी खासगी संघ, अशा बदलत्या परिस्थितीत, दर वेळी नव्याने जुळवून घेत, हा माणूस जिंकत राहिला. माझ्या मते दीर्घ पल्ल्याच्या शर्यतींतील व्यावसायिक चालकाची खरी योग्यता नऊ या आकड्यापेक्षा अकरा या आकड्यात अधिक स्पष्ट दिसते.

याचे कारण या कामाच्या स्वरूपातच आहे. फॉर्म्युला वनमध्ये गाडी एकाची असते. आसन त्याच्या मापाचे, सेटअप (म्हणजे गाडीची यांत्रिक जुळणी) त्याच्या पसंतीचे. येथे एकच गाडी दोघे-तिघे चालवतात. उंच आणि बुटक्या चालकांना एकाच जागेत बसायचे असल्यामुळे प्रत्येकाची बसण्याची स्थिती थोडीफार तडजोडीची होते. ब्रेकचा तोल किंवा गाडीचा मागचा भाग किती चंचल असावा, याविषयी तिघांची मते तीन असतात आणि शेवटी कोणालाच पूर्णपणे न रुचणारा, पण तिघांनाही अंधारात, पावसात आणि झिजलेल्या टायरांवर निभावून नेता येईल असा सेटअप निवडला जातो. ज्याला स्वतःच्या आवडीचा सेटअप मिळाल्याशिवाय वेग सापडत नाही, तो पात्रता फेरीत, म्हणजे शर्यतीआधीच्या एकेका वेगवान फेरीच्या चाचणीत, चमकेल. या क्षेत्रात वीस वर्षे टिकणे मात्र त्याला कठीण आहे.

त्यात भर वाहतुकीची. ले मान्सची एक फेरी १३ किलोमीटरहून अधिक लांबीची असते आणि तीत हायपरकार या सर्वात वेगवान वर्गातील गाड्यांना मंद वर्गांतील गाड्या सतत ओलांडाव्या लागतात. इंधन वाचवण्यासाठी वळणाआधीच वेगाच्या पेडलवरून पाय काढायचा, एकाच टायरसंचावर सलग दोन-तीन स्टिंट (इंधनासाठी थांबण्यादरम्यानचे टप्पे) पुरे करायचे, आणि तरीही घड्याळात फारसा फरक पडू द्यायचा नाही, हे कौशल्य दूरचित्रवाणीवर दिसत नाही. क्रिस्टेन्सनचेच १९९७ चे उदाहरण घ्या. शर्यतीला जेमतेम काही दिवस उरले असताना त्याला संघात बोलावले गेले; अल्बोरेटो आणि योहान्सन हे दोघे फॉर्म्युला वनमधील अनुभवी चालक त्याचे सहकारी होते, आणि त्या शर्यतीतील सर्वात वेगवान फेरी या नवख्याने नोंदवली. २००८ मध्ये प्युजोच्या गाड्या कोरड्या रस्त्यावर उघडपणे अधिक वेगवान होत्या; पावसाने साथ दिली, हे खरे, पण त्या पावसात गाडी रस्त्यावर राखून दबाव कायम ठेवणारे ऑडीचे क्रिस्टेन्सन आणि त्याचे सहचालक मॅकनिश व कॅपेलो होते.

गाडी चालवणे वाटून घेण्याची ही सक्ती पूर्वी नव्हती. १९५२ मध्ये पियेर लेवेघने सहचालकाला संधीच न देता २२ तासांहून अधिक काळ एकट्याने गाडी चालवली, आघाडीही मिळवली, आणि शेवटच्या टप्प्यात इंजिन निकामी होऊन सारे गमावले. इंजिनातील बिघाड त्याला आधीच जाणवला होता म्हणून तो उतरला नाही, असेही सांगितले जाते. आजच्या नियमांनुसार कोणत्याही ६ तासांत ४ तासांहून अधिक आणि एकूण १४ तासांहून अधिक काळ एकाच चालकाला गाडी चालवता येत नाही. लेवेघच्या जिद्दीचे कौतुक करणाऱ्यांचे मला नेहमीच थोडे आश्चर्य वाटते.

अर्थात, यश वाटून घेण्याच्या या पद्धतीत अन्यायही होतोच. २०१६ मध्ये टोयोटाची पाच क्रमांकाची गाडी आघाडीवर असताना शर्यत संपायला काही मिनिटे उरली होती. काझुकी नाकाजिमा चालवत होता आणि गाडीची शक्ती गेली. त्याचे सहचालक सेबास्तियन बुएमी आणि अँथनी डेव्हिडसन पिटमधून पाहत राहिले. पुढे बुएमी आणि नाकाजिमा यांनी २०१८ ते २०२० अशी सलग तीन वर्षे ही शर्यत जिंकली. डेव्हिडसन मात्र तोवर राखीव चालक झाला होता, कारण २०१८ च्या हंगामासाठी त्या गाडीत फर्नांडो अलोन्सो आला. २०१२ च्या ले मान्समध्ये मणक्याचे हाड मोडूनही परतलेला, २०१४ मध्ये बुएमीसह दीर्घ पल्ल्याच्या शर्यतींचा जागतिक विजेता ठरलेला हा चालक २०२१ अखेरीस निवृत्त झाला, तेव्हा त्याच्या नावावर ले मान्सचे सर्वसाधारण (सर्व वर्गांतून पहिले येण्याचे) विजेतेपद नव्हते. अलोन्सोच्या क्षमतेबद्दल शंका घेण्याचा प्रश्नच नाही. पण केवळ विजयांची यादी वाचून डेव्हिडसनला दुय्यम ठरवणाऱ्याला हा खेळ कळलेला नाही, असे मी निःसंकोच म्हणेन.

कारखान्यांच्या संघांत जागा मोजक्या असतात. उरलेल्या व्यावसायिकांची उपजीविका मोठ्या प्रमाणात हौशी श्रीमंत चालकांवर अवलंबून असते, याबद्दल उघडपणे फारसे बोलले जात नाही. आंतरराष्ट्रीय मोटार महासंघ चालकांना वरून खाली प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर आणि (मुख्यतः हौशींसाठी) ब्राँझ अशा श्रेणी देतो, आणि एलएमजीटी३ सारख्या, रस्त्यावरील स्पोर्ट्स गाड्यांवर आधारित गाड्यांच्या वर्गात प्रत्येक गाडीत एक ब्राँझ चालक असणे बंधनकारक आहे. बहुधा खर्चाचा मोठा वाटा तोच उचलतो. त्याच्यासोबतच्या व्यावसायिकाने त्याला शिकवायचे, त्याच्या फेऱ्यांची माहिती त्याच्यासमोर मांडायची, त्याने गमावलेला वेळ भरून काढायचा, आणि तो दुखावला जाणार नाही याचीही काळजी घ्यायची. काहींना हे कमीपणाचे वाटते. मला ते अत्यंत प्रामाणिक काम वाटते, कारण ते नीट करणाऱ्याला पुढच्या हंगामातही बोलावणे येते आणि हौशी चालक खरोखरच सुधारतो.

खटकते ते सिल्व्हर श्रेणीचे गणित. जिथे सिल्व्हर चालक घेणे आवश्यक असते, तिथे वेगवान तरुण सिल्व्हर चालकाला मोठी मागणी असते. तो जिंकू लागला की त्याला गोल्ड श्रेणी मिळते, आणि ज्या जागेसाठी त्याला घेतले होते ती जागाच त्याच्यासाठी बंद होते. गोल्ड आणि प्लॅटिनमच्या जागांसाठी तोवर नाव झालेल्यांची रांग लागलेली असते. ब्राँझची अट राहावी; तिच्याशिवाय अनेक गाड्या रांगेतच उभ्या राहणार नाहीत. मात्र श्रेणी वाढलेल्या चालकाला त्याच संघात निदान आणखी एक हंगाम जुन्या श्रेणीत चालवू द्यावे, म्हणजे पुढचा करार शोधायला त्याला वेळ तरी मिळेल.