प्रश्नावलीवरून कारण ठरवता येत नाही
‘मोबाइल अधिक वापरणारी मुले अधिक चिडचिडी होतात’ हा मुलांच्या मोबाइल-वापरावरील एका लेखातील निष्कर्ष पालकांनी भरलेल्या प्रश्नावलीवर आधारलेला असल्याने तो केवळ सहसंबंध (दोन गोष्टी एकत्र आढळतात एवढेच) दाखवतो. मुळातच चिडणाऱ्या मुलाला शांत ठेवण्यासाठी पालकच मोबाइल देत असतील, ही शक्यता त्यातून वगळता येत नाही. कारण दाखवायचे तर प्रयोग हवा. १९६१ मध्ये मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी ७२ मुलांची आधीची आक्रमकता जोखून त्यांचे तुल्य गट पाडले आणि त्यांपैकी एकाच गटाला प्रौढाचे आक्रमक वर्तन दाखवले, म्हणूनच नंतर दिसलेल्या फरकाचा अर्थ लावता आला. शिवाय लेखातील मुलांचा नमुना बेळगाव शहरातील एकाच इंग्रजी माध्यमाच्या शाळेतला आहे; त्यावरून खानापूर किंवा निपाणीकडील खेड्यांतल्या मराठी शाळांच्या मुलांविषयी विधान करणे मला अन्यायकारक वाटते.