10,000 पावलांच्या फॉरवर्डला माझं उत्तर

सोसायटीच्या ग्रुपवर परवा तो मेसेज तिसऱ्यांदा आला. वर उगवता सूर्य, खाली जोडलेले हात. मजकूर असा: आजारपणानंतरचा थकवा म्हणजे निव्वळ आळस, रोज पहाटे 10,000 पावलं चालल्याशिवाय उपयोग नाही, अंगात कणकण असली तरी चाला, घामाने ताप उतरतो, आणि 21 दिवस एकही खाडा नको, म्हणजे सवय लागते. खालच्या मजल्यावरच्या अण्णांनी तो मला वेगळाही पाठवला, ‘‘ताई, खास तुमच्यासाठी.’’ माझ्या केमोच्या दिवसांत त्यांच्याच घरून मऊ खिचडीचा डबा यायचा. तेव्हा भांडण नाही, पण उत्तर देते.

आधी 10,000. हा आकडा जगभर पसरला तो एका यंत्राच्या नावावरून. टोकियो ऑलिंपिकच्या पुढच्या वर्षी, 1965 मध्ये, जपानमध्ये पावलं मोजायचं यंत्र विकायला आलं. नाव ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलं मोजणारं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या शिफारशीत पावलांचा आकडाच नाही. आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम, आणि तेवढं जमत नसेल तर जमेल तेवढा, थोड्यापासून सुरुवात करून; दीर्घ आजार असलेल्यांनाही हेच. मी पहिल्या दिवशी पार्किंगमध्ये गेटपासून पाण्याच्या टाकीपर्यंत गेले. 64 पावलं. टाकीपाशी वॉचमनदादांनी आपली खुर्ची आणून ठेवली होती, तिच्यात पाच मिनिटं बसले आणि 64 पावलं परत आले. दोन आठवड्यांनी खुर्ची पुन्हा गेटवर गेली.

आता ‘थकवा म्हणजे आळस’. आळशी माणूस झोपून उठला की ताजातवाना होतो. केमोचा थकवा नऊ तास झोपूनही तिथेच असतो. शिवाय कारणं अनेक असतात: थायरॉईड, चालू औषधं, तुटक झोप, रक्त कमी असणं. बाईचं हिमोग्लोबिन 12 च्या खाली गेलं की ॲनिमिया धरतात. माझं 9 च्या घरात होतं. पांडवलेणीच्या पायऱ्या चढून ते वाढणार नव्हतं. त्यामुळे चपला घालण्याआधी रक्त तपासा, डॉक्टरांना विचारा.

मात्र ‘मग पडूनच राहते’ हेही चुकीचं. 1966 मध्ये अमेरिकेत डलासला विशीतल्या पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर ठेवलं. 30 वर्षांनी त्यांना पुन्हा तपासलं, तर वयाने त्यांचा जेवढा दम कमी केला होता, त्याहून जास्त त्या तीन आठवड्यांनी केला होता! कॅन्सरच्या थकव्यावर बेताचा व्यायाम खरोखर उपयोगी पडतो, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. चालायचंच आहे. प्रश्न किती, एवढाच.

त्याचं माप मला चूक करून कळलं. एका रविवारी बरं वाटत होतं म्हणून गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर अख्खी फेरी मारली. घाम आला, आनंद झाला. सोमवारही बरा गेला. मंगळवारी कणीक मळताना हात परातीतच थांबले, आणि त्या दिवशी पोळ्या मुलाने बाहेरून आणल्या. तेव्हापासून घामाकडे बघत नाही, पुढच्या दोन सकाळी कशा जातात ते बघते. बऱ्या गेल्या तर दोन मिनिटं वाढवते, नाहीतर तेवढ्यावरच राहते. चालताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. मनगटावरच्या घड्याळातले ठोके बघू नका, विशेषतः बीटा ब्लॉकर (रक्तदाबाची, हृदयाची गोळी) चालू असेल तर. त्या गोळीने ठोके वाढतच नाहीत तेवढे.

काहींना तर थोड्याशा श्रमानेही एक-दोन दिवसांनी असा फटका बसतो की आठवडा जातो. ‘एमई/सीएफएस’ म्हणतात तो दीर्घकाळ थकव्याचा आजार असाच. लाँग कोविडमध्येही, म्हणजे कोविडनंतर महिनोन्महिने रेंगाळणाऱ्या त्रासात, काहींचं हेच होतं. ब्रिटनमध्ये उपचारांच्या शिफारशी ठरवणाऱ्या ‘नाइस’ संस्थेने 2021 मध्ये एमई/सीएफएससाठी ठरावीक टप्प्यांनी व्यायाम वाढवत नेण्याची शिफारस मागे घेतली. अशा माणसाला ‘थांबू नका’ सांगणं म्हणजे त्याला पुन्हा अंथरुणावर ढकलणं.

तापाबद्दल: ताप उतरताना घाम येतो, घाम काढल्याने ताप उतरत नाही. विषाणूच्या तापात कधीकधी हृदयाच्या स्नायूलाही सूज येते, तेव्हा दमछाक जिवावर बेतू शकते. आणि पावसाळ्यानंतर आपल्याकडे डेंग्यू असतोच. त्यात धोक्याचे दिवस बरेचदा ताप उतरू लागल्यावरच सुरू होतात. म्हणजे लोक बूट शोधतात नेमके तेव्हा.

राहिले 21 दिवस. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या अभ्यासात सवय लागायला सरासरी 66 दिवस लागले, कुणाला 18, कुणाला 254 लागतील असा अंदाज निघाला. एखादा दिवस चुकल्याने विशेष फरक पडला नाही. केमोनंतरचे चार दिवस मी खुशाल खाडा करायचे.

छातीत दुखलं, चक्कर आली, बसल्या जागी धाप लागली तर थांबायचं आणि दवाखाना गाठायचा.

हे सगळं अण्णांना पाठवलं. त्यांनी नुसता अंगठा पाठवला. काकू मात्र जिन्यात भेटल्या तेव्हा सांगत होत्या, बायपासनंतर पहिला महिनाभर अण्णा गॅलरीतच फेऱ्या मारत होते, कठड्याला धरून.